शरदातले पहिले दर्शन : धारूरचे परस आणि स्थलांतरित पक्षी

बालाघाटाची रांग बीड जिल्ह्याला आडवी कापत जाते. तिच्या उत्तरेकडच्या कडेवर धारूर वसले आहे. गावातून तेलगावचा रस्ता धरला की घाट उतरून सिंदफणेचे सखल खोरे लागते. केजच्या बाजूला गेले की पाणी मांजरेकडे वळते. उत्तरेकडून दख्खनच्या पठारावर येणाऱ्या पक्ष्यांना गोदावरीचे रुंद खोरे ओलांडल्यावर ही कड आडवी येते. परतीचा पाऊस संपत आला की हे पक्षी माळावर, शेतात, तळ्यांवर आणि घरामागच्या परसातही उतरू लागतात.

जुन्या धारूरची घरे मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या बाजारगावासारखी, दगडी भिंतींची आणि वर मातीच्या माळवदाची. मागे परस. न्हाणीच्या मोरीचे पाणी जिथे मुरते तिथे कर्दळ, केळ किंवा अळू, कडेला शेवगा, एखादा कडुलिंब, कुंपणाशी कण्हेर आणि कोपऱ्यात सीताफळ. सीताफळ तर इथल्या खडकाळ उतारांवर कोणी न लावताही वाढते. ‘बीड सीताफळा’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण धारूरच्या डोंगरातल्या फळाचे नाव बाजारात त्याआधीच झालेले होते. फळे पिकतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे नेमकी पाहुणे पक्षी येण्याच्या वेळी. हिमालयापलीकडून आलेले पक्षी मात्र सीताफळासाठी येत नाहीत. त्यांना हवी असते मोरीची ओल, झाडाची दाट सावली आणि या दोन्हींमुळे पोसलेले किडे.

हे पक्षी एकदम येत नाहीत. सणांसारखे ठरलेल्या क्रमाने येतात. पोळ्याच्या आगेमागे पहिल्या भोरड्या दिसतात. गौरी-गणपतीच्या दिवसांत करडा धोबी ओढ्याकाठी आणि मोरीशी शेपूट वरखाली हलवत फिरू लागतो. मग तारांवर माळभिंगऱ्यांच्या ओळी बसतात. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा काळ परसाच्या दृष्टीने सर्वांत भरगच्च. थिरथिरा, तांबड्या गळ्याचा माशीमार, हिरवट वटवट्या, शुभ्रकंठी वटवट्या, पांढरा धोबी हे सगळे या महिन्याभरात हजर होतात. दिवाळीनंतर शेतांवर भारीटांचे थवे आणि माळावर भोवत्या ससाणे येतात, आणि माजलगाव व मांजरा धरणांच्या पाण्यावर बदके उतरतात. याच काळात काही पाहुणे परतही जातात. मृगाच्या पावसाबरोबर आफ्रिकेकडून आलेला चातक आश्विन सरेपर्यंत दिसेनासा होतो. आणखी काही जण नुसते वरून जातात. सैबेरिया आणि ईशान्य चीनकडचा अमूर ससाणा भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका गाठतो. नागालँडमध्ये २०१३ च्या नोव्हेंबरात तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली, तेव्हा हा मार्ग नकाशावर रेघेसारखा उमटला.

परसात येणाऱ्या बहुतेक लहान पक्ष्यांचा प्रवास रात्रीचा. रात्री हवा थंड व शांत असते आणि शिकारी पक्षी झोपलेले असतात. दिवस उरतो तो पोट भरायला. त्यामुळे काल रिकाम्या असलेल्या शेवग्यावर आज सकाळी अचानक ‘टिक्-टिक्’ ऐकू येते. ते कुठून येतात याचा नकाशा मात्र चक्रावून टाकणारा आहे. तांबड्या गळ्याचा माशीमार आणि काळ्या डोक्याचा भारीट यांच्या विणीच्या प्रदेशात युरोपचाही काही भाग येतो. तिथले इतर पुष्कळ पक्षी थंडीसाठी आफ्रिकेची वाट धरतात. हे दोघे मात्र पूर्वेला वळून भारतात येतात. भोरडीही मध्य आशिया आणि पूर्व युरोपच्या गवताळ प्रदेशातली. थिरथिरा हिमालय, तिबेट आणि त्यापलीकडच्या उंच, उघड्या, खडकाळ मुलखात वीण करतो. धारूरची दगडी घरे, पडके वाडे आणि किल्ल्याची तटबंदी त्याला परकी वाटत नसावी.

थिरथिरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो माणसाला फारसा बिचकत नाही. माळवदाच्या कडेवर, भिंतीवर किंवा वाळत घातलेल्या धुण्याच्या दोरीवर तो बसतो, एकदोनदा झुकून नमस्कार केल्यासारखे करतो आणि विटकरी शेपूट थरथरवतो. मग खाली झेप, जमिनीवरची मुंगी किंवा अळी, आणि पुन्हा त्याच जागी. मादी अंगाने मातकट, फक्त शेपूट तांबूस. नर काळा म्हणतात, पण ऑक्टोबरात आलेला नर काळा दिसत नाही, राखेत लोळल्यासारखा दिसतो. नव्या पिसांच्या कडा करड्या असतात. हिवाळाभर त्या झिजत जातात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत आतला काळा रंग उघडा पडतो. एकही पीस न बदलता पक्ष्याचा रंग बदलतो, आणि हा बदल परसातल्या बाजेवर बसून पाहता येतो.

शरदात पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याची दखल घेण्याची रीत या देशात फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खंजन पक्ष्यावर, म्हणजे धोब्यावर, एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्याचा विषयच खंजनाच्या पहिल्या दर्शनाचे फळ हा आहे. ग्रंथ शकुनाचा, पण त्यात निरीक्षण भरपूर. गळा काळा असलेला तो ‘भद्र’, काळेपण तोंडापर्यंत गेलेला ‘संपूर्ण’, गळ्यावर नुसता काळा ठिपका असलेला ‘रिक्त’, आणि पिवळा तो ‘गोपीत’. आज पांढऱ्या धोब्याच्या जाती-उपजाती ओळखताना आणि त्याचा विणीचा वेष व हिवाळी वेष वेगळा करताना तज्ज्ञ गळ्याछातीवरच्या काळ्या पट्ट्याकडेच पाहतात. पिवळा धोबी तर वेगळी जातच ठरली. फळे सांगतानाही ग्रंथकाराने पक्षी कुठे कुठे बसतो हे नीट पाहिलेले दिसते. चिखलावर दिसला तर गोडधोड अन्न, शेणावर दिसला तर दूधदुभते, हिरवळीवर दिसला तर वस्त्रलाभ. चिखल, शेण आणि हिरवळ या तिन्ही धोब्याच्या किडे टिपण्याच्या जागा. फळाफुलांची झाडे, पाणवठे, प्रासाद आणि उद्याने याही शुभ जागांत मोडतात. घराच्या छपरावर दिसला तर मात्र धनहानी. माळवदांच्या गावात ही पंचाईतच म्हणायची.

पुढच्या काळातल्या काही धर्मशास्त्रीय निबंधांनी खंजनदर्शनाला आश्विनातल्या विधींमध्ये, विजयादशमीच्या आसपास, जागा दिली. शकुन बाजूला ठेवला तर यातून एक गोष्ट ठामपणे कळते : पावसाळ्यात नसलेला हा पक्षी शरदात येतो, हे माहीत होते, आणि त्याचा येण्याचा दिवस लक्षात ठेवण्याजोगा मानला जात होता.

राजदरबारांची नजर वेगळ्या पक्ष्यांवर होती. बालाघाटचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली असताना, सुमारे ११३० मध्ये, तिसऱ्या सोमेश्वराच्या नावाने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ तयार झाला. राजाच्या करमणुकींत त्याने श्येनविनोदाचा, म्हणजे ससाणे पाळून त्यांच्याकरवी शिकार करण्याचा, सविस्तर विचार केला आहे. शिकारी ससाण्यांतला नामांकित बहिरी ससाणा दख्खनमध्ये हिवाळ्यातच येतो. म्हणजे स्थलांतरित पक्षी दरबारात शिकवून वापरला जात होता. धारूरचा सध्याचा किल्ला सोळाव्या शतकातला, आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने बांधवलेला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि १६३१ मध्ये मुघलांनी घेतला. या तिन्ही सत्तांच्या काळात ससाण्यांची शिकार हा सरदारी शौक होता. बाकी किल्ल्याच्या इतिहासात पक्ष्यांना जागा नाही. पक्ष्यांनी मात्र किल्ल्यात जागा शोधली : तटाच्या सांदीत पाकोळ्या आणि पारवे, पाण्याकाठी धोबी आणि तुतवार.

मराठी संतकाव्यातही पक्षी पुष्कळ आहेत, पण ते चातक, चकोर आणि राजहंस. संतकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या धारूरपासून जवळच, अंबाजोगाईला आहेत. त्या परंपरेला पक्षी हवा होता तो दृष्टान्तासाठी. मोरीशी किडे टिपणारा मातकट वटवट्या दृष्टान्ताला चालण्यासारखा नव्हता, आणि त्याची कोणी दखलही घेतली नाही.

गावकऱ्यांच्या लक्षात राहिले ते दोन पक्षी, एक सणामुळे आणि दुसरा पिकामुळे.

सणाचा पक्षी नीळकंठ. काही जण त्याला चास म्हणतात. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ, ही समजूत उत्तरेत अधिक पक्की असली तरी महाराष्ट्रातही आहे. यामागे एक साधे कारण दिसते. नीळकंठ उन्हाळ्यात वीण उरकतो. पाऊस सरला की मोकळ्या रानात, बांधावरच्या झाडावर आणि तारांवर येऊन बसतो आणि नाकतोडे पकडतो. दसऱ्याला गाव सीमोल्लंघनासाठी वेशीबाहेर पडते. पक्षी रानात आणि माणसेही रानात, भेट होणारच. बसलेला नीळकंठ मातकट तपकिरी वाटतो, उडाला की पंखांत दोन छटांचा निळा उघडतो. याच आठवड्यांत त्याचा युरोपीय भाऊबंद पश्चिम भारतावरून आफ्रिकेकडे जात असतो. तेव्हा दसऱ्याला दिसलेला नीळकंठ घरचा की वाटसरू, हे पाहायला शकुन बाजूला ठेवून पंख पाहावे लागतात. एकेकाळी निजामी राज्यात मराठवाड्याचा शेजारी असलेल्या तेलंगणाने पुढे हाच पक्षी राज्यपक्षी म्हणून निवडला. तिथे त्याला पालपिट्टा म्हणतात, आणि दसऱ्याची समजूत तिथेही तितकीच जिवंत आहे.

पिकाचा पक्षी भोरडी. अंग गुलाबी, डोके, पंख आणि शेपूट काळी. पळस फुलला की त्यावर तुटून पडते म्हणून पळसमैना. वीण लवकर आटोपत असल्याने ती सगळ्यांच्या आधी येते आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकते. मराठवाड्यात रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरली जाते आणि पौषात कणसे दुधात येतात, म्हणजे हुरड्याचे दिवस. भोरड्यांना नेमके तेच दाणे प्रिय. शेकडो-हजारोंचा थवा उठतो, आकाशात वळतो, आडवा होतो आणि एखाद्या रानावर पडतो. राखण नसेल तर कणसे पांढरी व्हायच्या आत पोचट. त्यामुळे ज्वारीच्या मुलखात राखण हे कामच होते. शेताच्या मध्यावर चार मेढी रोवून माळा बांधायचा, त्यावर पोराला किंवा म्हाताऱ्याला बसवायचे, हातात गोफण द्यायची. गोफणीचा दगड पक्ष्याला लागावा अशी अपेक्षा नसते. दोरीचा चाबकासारखा कडाड आवाज आणि कणसांवरून सणसणत जाणारा दगड थवा उठवायला पुरतो. जोडीला पत्र्याचा डबा, आरोळ्या आणि बुजगावणे. दिवस उगवायच्या आत माळ्यावर चढावे लागे, कारण भोरड्या रात्रीच्या वसतीवरून भल्या पहाटे निघतात.

राखणदाराचे पक्षिज्ञान आजच्या निरीक्षकाला हेवा वाटावा असे असे. थवा कुठून उठतो, कोणत्या झाडावर आधी टेकतो, उन्हात किती वेळ थांबतो, ढगाळ दिवशी काय करतो, हे सगळे त्याला ठाऊक. पण ते ज्ञान कामापुरते होते. भोरडी जाते कुठे, हे राखणदाराने विचारले नाही. विचारले असते तर उत्तर गमतीचे मिळाले असते : विणीच्या प्रदेशात हीच भोरडी नाकतोडे आणि टोळ फस्त करते, आणि चीनच्या शिनजियांगमध्ये तिने यावे म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग आणि घरटी उभारून देतात. इथेही ती शेतातल्या अळ्या आणि नाकतोडे खाते, पण दुधातल्या कणसाचे नुकसान डोळ्यांसमोर होते. अळी खाल्ल्याचा फायदा कोणाला दिसत नाही.

फासेपारध्यांचे ज्ञान आणखी बारकाईचे होते. तितर आणि लावा पकडण्यावर त्यांचे पोट होते. गावचा लावा बारमाही; हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा मोठा लावा वेगळा, पिकांत उतरणारा, आवाजाने वेगळा. हा फरक त्यांना फास मांडण्याआधीच कळत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार बेकायदा ठरली, आणि त्या ज्ञानाला उपजीविकेत जागा उरली नाही.

कागदावरची नोंद सुरू झाली ती परक्या लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ मध्ये मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार झाला. पुणे, अहमदनगर आणि आसपासचा ‘दख्खन’ फिरून त्याने पक्ष्यांची यादी केली. ती १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात छापली गेली. अहमदनगर म्हणजे बीडचा शेजार. बाभळीत वावरणारा, मातकट आणि पटकन न दिसणारा एक हिवाळी वटवट्या आजही साइक्सच्या नावाने ओळखला जातो. अशा पक्ष्यावरून दुर्बिणीतून पाहणारे लोक आजही वाद घालतात. साइक्सने तो हातात घेऊन, पिसे मोजून वेगळा केला. हातात घेऊन म्हणजे बंदुकीने पाडून. त्या काळी पक्षी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग तोच होता.

दुसरा नोंदकर्ता थॉमस जर्डन, मद्रास घोडदळातला सर्जन. १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्याने द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची सूची छापायला घेतली. जालना त्या वेळी निजामाच्या मुलखातली लष्करी छावणी होती, आणि जर्डनच्या नोंदींत जालन्याचे नाव येते. पुढे १८६२ ते १८६४ या काळात त्याचा ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ प्रसिद्ध झाला आणि देशभर छावण्यांतल्या अधिकाऱ्यांना पक्षी ओळखण्याचे एक पुस्तक मिळाले.

धारूर ज्या राज्यात होते त्या हैदराबाद संस्थानाची पद्धतशीर पाहणी व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. ८२ हजार चौरस मैलांहून मोठ्या या संस्थानाच्या पक्ष्यांची माहिती तोवर तुटपुंजी होती. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली तेव्हा पस्तिशीत होते आणि त्यांना नोकरी नव्हती. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे प्रस्ताव मांडला : मुक्काम-प्रवासाचा खर्च संस्थानाने करावा, काम आपण विनामोबदला करू. निजाम सरकारने होकार दिला आणि १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली. तंबू, बैलगाड्या, कातडी भरण्याचे सामान आणि रोजच्या रोज लिहिलेल्या वह्या असा सारा संसार. नमुन्यांचा वर्गीकरणाच्या अंगाने अभ्यास पक्षितज्ज्ञ ह्यू व्हिस्लर यांनी केला, आणि १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात ही पाहणी भागाभागांनी छापून आली. संस्थानिकांच्या राज्यांत सालिम अलींनी केलेल्या पाहण्यांच्या मालिकेची ही सुरुवात. पक्षी कुठे दिसला, कोणत्या महिन्यात, काय खात होता, पोटात काय सापडले अशा टिपणांमुळे निजामी मराठवाड्यातले हिवाळी पाहुणे पहिल्यांदा तारखेनिशी कागदावर आले. परसात येणारा, नाव नसलेला मातकट वटवट्याही त्यांत आला. शकुनाला आणि राखणीला त्याची गरज नव्हती, विज्ञानाला होती.

पक्षी येतो हे नोंदवणे एक, तोच पक्षी परत येतो हे सिद्ध करणे वेगळे. त्यासाठी पायात कडी घालावी लागते. भारतात याची सुरुवात १९२६ मध्ये धार संस्थानात झाली. तिथल्या महाराजांनी सोसायटीच्या वतीने बदकांच्या पायांत कड्या घातल्या. कड्यांवर मुंबईला कळवा असा मजकूर. पुढचे मोठे काम १९५९ पासून, जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडांना आणि माणसांना मारणारा ताप आढळला. त्याचा विषाणू सैबेरियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाल्याने तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर आला असावा, अशी शंका घेतली गेली. तो संशय पुढे टिकला नाही. पण त्या निमित्ताने हजारो पक्षी जाळ्यात धरून कडी घालून सोडले गेले, आणि कुठला पक्षी कुठे जातो याचे ठोस पुरावे मिळाले.

परसाच्या इतिहासात मोलाची नोंद मात्र एका धोब्याची आहे, आणि ती सालिम अलींच्या लिखाणात येते. मुंबईच्या उपनगरातल्या एका लहानशा हिरवळीवर कडी घातलेला करडा धोबी सलग काही वर्षे, शरदात जवळजवळ त्याच सुमाराला, परत येत राहिला. त्याचे विणीचे ठिकाण जवळात जवळ धरले तरी हिमालयात. दीड-दोन हजार किलोमीटर अंतरावरून येऊन नेमक्या त्या बंगल्याची ती हिरवळ! वराहमिहिराने ज्या पहिल्या दर्शनाची फळे सांगितली, त्याच पहिल्या दर्शनाची तारीख इथे पुरावा झाली. धारूरच्या मोरीशी दरवर्षी दिसणारा धोबी तोच असेल, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटले तर त्यात अशक्य काही नाही.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७० नंतर, पक्षी पाहणे हा छंद मराठीत आला तो पुस्तकांतून. सोलापूरला जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीतून मिळवलेले रानाचे ज्ञान मराठीत उतरवले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’ने पक्ष्यांची प्रांतोप्रांतीची नावे एकत्र केली. महाराष्ट्रात पक्षिमित्रांची संमेलने भरू लागली. त्यांत सुरुवातीला मोठी शहरे पुढे. मराठवाड्याचे लक्ष पैठणच्या नाथसागराकडे, जो १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दुर्बीण घेऊन पाण्याकडे जायचे आणि हंस-बदके मोजायची, हाच पक्षिनिरीक्षणाचा नमुना ठरला. परसातला पाहुणा यात पुन्हा मागे पडला.

त्याला पुढे आणले ते घरात बसून करायच्या गणनांनी. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेली परसातली पक्षीगणना भारतात २०१३ पासून होऊ लागली. ती फेब्रुवारीत असते, म्हणजे पाहुणे परतायच्या आधी. शरदासाठी २०१८ पासून ऑक्टोबरातला एक शनिवार ठरला. पद्धत सोपी : एका जागी किमान पंधरा मिनिटे थांबायचे, दिसलेली व ऐकू आलेली प्रत्येक जात आणि तिची संख्या लिहायची आणि ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर टाकायची. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह जाहीर केला. ५ नोव्हेंबर चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. शाळा तेव्हा बहुधा दिवाळीच्या सुट्टीत असतात. तरी तारखा पाहुण्यांच्या दृष्टीने बिनचूक आहेत, कारण परसात येणारे सगळे तोवर येऊन स्थिरावलेले असतात.

धारूर तालुक्यात या मोसमाला आणखी एक बाजू आहे. बीडचा हा डोंगरपट्टा ऊसतोड कामगारांचा. १९७२ च्या दुष्काळानंतर वाढत गेलेल्या या स्थलांतरात दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परततात. म्हणजे थिरथिरा येतो तेव्हा घरची माणसे निघायच्या तयारीत आणि तो जातो तेव्हा परतीच्या वाटेवर. गावात मागे राहतात म्हातारीकोतारी आणि शाळेची पोरे. हिवाळी पक्ष्यांच्या नोंदी या पट्ट्यातून विरळ येण्यामागे हेही एक कारण असू शकते. दुसरे कारण पिकातले. ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतल्यावर माळा, गोफण आणि राखण मागे पडली, आणि पक्ष्यांवर दिवसभर नजर ठेवणारा माणूस शेतातून उठला.

परसही बदलले. माळवदे जाऊन स्लॅब आली, मोरीचे पाणी नालीत गेले, मागच्या जागेत खोली चढली. याचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. थिरथिऱ्याला भिंत, उघडी जमीन आणि बसायला उंच जागा पुरते. सिमेंटच्या गच्चीवर तो तितकाच खुश. पांढरा धोबी क्रिकेटच्या मैदानावरही पोट भरतो. पण मोरीच्या कर्दळीत ‘टक्-टक्’ करणाऱ्या वटवट्याला ओली झुडपे लागतात, आणि शुभ्रकंठी वटवट्याला बाभूळ किंवा तसेच काटेरी झाड. ते तोडले की तो पुढच्या शरदात दुसरीकडे उतरतो. डासांसाठी फवारलेल्या औषधाने माशीमाराचे अन्नच जाते.

देशभरातल्या निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक लोकांनी केलेल्या तीन कोटींवर नोंदी, ९४२ जाती. दूरवरून येणारे स्थलांतरित पक्षी बारमाही पक्ष्यांपेक्षा वेगाने घटत असल्याचे त्यात दिसले. गवताळ माळ आणि मोकळ्या रानांतल्या पक्ष्यांची स्थितीही वाईट. त्यांत दसऱ्याचा नीळकंठ आहे : त्याची संख्या तीस टक्क्यांहून अधिक घटल्याचे अहवालाने नमूद केले आणि त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा फेरविचार करावा असे सुचवले. अशा अहवालाला लागणारा कच्चा माल पंधरा मिनिटांच्या यादीतून येतो. धारूरच्या बाजूने तो पुरवायचा तर सप्टेंबर ते नोव्हेंबर रोज सकाळी एकाच जागी, म्हणजे मोरीच्या कडेला किंवा शेवग्याखाली, बसणे उपयोगी ठरते. करडा धोबी पहिल्यांदा दिसला ती तारीख, थिरथिऱ्याची तारीख आणि चातक शेवटचा दिसला तो दिवस, या तीन नोंदी दरवर्षी एकाच परसातून गेल्या तरी मोसम पुढे सरकतो आहे की मागे, हे काही वर्षांत कळू लागते. एखाद्या दिवशी काहीच दिसले नाही तर तेही लिहावे लागते, कारण गणनेत रिकामी सकाळ हीसुद्धा नोंदच असते.